गंगावन

सिद्धगडाखालची वाडी, ता. मुरबाड
१९ जुलै १९९८

चि. सौ. देवकीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. परवा सकाळी शहापूरला मिशनच्या शाळेत गेलो आणि वसतिगृहाच्या नळाजवळ बसून आपल्या रंजिताच्या डोक्याला तिचेच कापलेले केस परत बांधले.

तुला अर्धंच कळलं असेल. पोराने शिवणाच्या तासाला दोन्ही वेण्या कात्रीने कापल्या आणि मोठ्या सिस्टरांना सांगितलं की मी मुलगा आहे, मला अनिल म्हणा. नववीतलं, गणितात पहिलं येणारं पोर. सिस्टर रागावल्या नाहीत, मला चहा दिला. म्हणाल्या की देवाने घडवलं तसं राहावं, आम्ही तिच्यासाठी रोज प्रार्थना करतो. पण दोन वेण्या आणि स्कर्ट हा नियम आहे, केस वाढेपर्यंत घरी न्या. दहावी तर पुढच्याच वर्षी. मग मी त्या वेण्या कागदात गुंडाळून मुरबाडच्या बाजारात नेल्या आणि गंगावन वळणाऱ्या बाईकडून जोडायच्या वेण्या करून घेतल्या. सिस्टरांना ते चाललं. बांधून होताच पोर उठून वर्गात गेलं.

तू जवळ आहेस, रविवारी भेटून ये. सुकी मासळी पोचली नाही. दाजींनीच खाल्ली असं धरून चालतो.

तुझा दादा,
देवजी

आसनगाव
२ ऑगस्ट १९९८

ति. दादास देवकीचा शि. सा. न.

वि. वि. मासळी ह्यांनी नाय, मांजरीने खाल्ली.

शाळेत जाऊन आले. दादा, तुझी हुशारी अंगाशी आली. कवायतीत एक वेणी सुटून मैदानात पडली. पोरी साप साप म्हणून हसल्या. सिस्टरांनी त्यांना गप्प केलं, वेणी उचलून झटकली आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने परत बांधली. मायेने बांधली म्हणे. तेव्हापासून पोर ताटापुढे नुसतं बसतं.

मी खोदून विचारलं. तर म्हणालं की आत्या, सिस्टरांचं मला काय वाटत नाय, त्यांचा नियम हाय. पण पहिल्यांदा बाबानेच बांधल्या. दादा, तुला हे लिहू नये असं वाटत होतं, लिहिलं. मग मी अनिल म्हणून हाक मारून पाहिली. जीभ अडखळली. पोर मात्र लगेच वळलं आणि अर्धी भाकर खाल्ली.

आपल्या घरी पोरगे जगत नव्हते म्हणून आई तुला परकर नेसवायची. एकदा तू फणसावर चढून बसलास आणि परकर काढतो असं बाबांनी कबूल करेपर्यंत उतरला नाहीस. आठवतं का रे?

माया आहे तशी ठेव.

देवकी

सिद्धगडाखालची वाडी
१६ ऑगस्ट १९९८

चि. सौ. देवकीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. फणस आठवला. सोमवारीच शहापूर गाठलं. सिस्टरांना हात जोडून म्हटलं की वेण्या सोडतो, पोराला असंच मागच्या बाकावर बसू द्या. त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या की माझ्या हातात नाही. पोराला घेऊन घरी आलो. मुरबाडच्या शाळेतही विचारलं. तिथेही स्कर्ट, तिथेही वेण्या. ज्याला त्याला वाईट वाटतं आणि दार कुणी उघडत नाही.

मी सातवी शिकलेला. पोराची पुस्तकं मला वाचता येतात, शिकवता येत नाहीत. रोज सकाळी ते ओट्यावर गणितं सोडवतं आणि वही माझ्यापुढे धरतं. उत्तर बरोबर की चूक, मला कळत नाही. बरोबर असेल असं म्हणतो. तेही समजून हसतं. मी योग्य केलं की पोराचं शिक्षण बुडवलं, हे देवापुढे बसूनही उलगडलं नाही.

शाळेतून नाव काढलं. दाखल्यावर रंजिताच आहे. काल दोघे महादेवाला गेलो, जिथे लहानपणी पोराचं जावळ दिलं होतं. दोन्ही वेण्या पायरीवर ठेवल्या. पुजाऱ्याने विचारलं की केस कुणाच्या नावाने वाहायचे. पोर माझ्याकडे पाहत राहिलं.

मी अनिल सांगितलं.

आम्हा दोघांवर जीव असू दे.

तुझा दादा,
देवजी