कलमाच्या चाकूचं पोलाद

१२ ऑगस्ट, तासगाव
दादाला जाऊन सव्वा महिना. रजा टाकून त्याच्या मळ्यात आलोय. नव्या तुकड्यात त्यानं लावलेले जंगली खुंट बोटाएवढे जाड झालेत. त्यांच्यावर द्राक्षाचं कलम याच दिवसांत व्हायला हवं, थंडी लागली की वर्ष गेलं. बांधणाऱ्या टोळ्या मोठ्या बागांत अडकल्यात. दादा कुणाला बोलवायचाच नाही, स्वतः बांधायचा.

जेवताना वहिनींचा भाऊ आबा होता. "आक्का, खंडानं दिऊन टाक बाग. कोन बघनार हाय हितं?"
वहिनी भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या खुंटांवर कलमं धरली तर ठेवीन. न्हाई धरली तर दे कुनालाबी. गौरी-गणपती झाल्यावर सांगते तुला."

मी म्हणालो, मी बांधतो. शाळेत असताना दादाच्या हाताखाली थोडी बांधली होती. कसं बोलून गेलो कुणास ठाऊक.

१३ ऑगस्ट
दादाचा घडीचा चाकू मागितला. तेराव्यानंतर तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर वहिनींनी तोही चिंचेनं घासलाय. "काळामिट्ट झालता, म्हनलं लख्ख करावा." ओला तसाच मिटून ठेवला. आता उघडताना करकरतो. गंजाचे खड्डे थेट धारेपर्यंत.

फोनवर वाचलं. ते काळं म्हणजे मळ नव्हता. झाडाच्या रसानं साध्या पोलादावर हळूहळू चढणारा थर, गंजाला तोच अडवतो. दादाच्या किती वर्षांचा असेल.
वहिनींना हे सांगितलं नाही. सांगून काय.

आणखी एक. धार एकाच बाजूनं लावलेली, दुसरी बाजू सपाट. आणि ती माझ्या हाताच्या उलटी. दादा डावखुरा. चाकू चांगला असता तरी माझ्या कामाचा नव्हता.

१५ ऑगस्ट, सातारा
नवा चाकू शोधायचा म्हणून दोन दिवस घरी आलो. दिवसभर पोलादच वाचतोय. क्रोमियम जास्त असलं की गंज कमी. कार्बन जास्त, कडकपणा जास्त, धार टिकते. पण फार कडक केलं की धारेचा टवका उडतो, शिवाय दगडावर लवकर घासलं जात नाही. एक मिळवायचं तर दुसरं सोडायचं. सगळं असलेलं पोलाद कुठंच दिसलं नाही. ऑफिसात ट्रान्सफॉर्मर सांभाळतो मी, चाकूत एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

नलू म्हणाली, "आपला भाजीचा चाकू न्या की."
म्हटलं, तो मिटत नाही.
"मग कांदा मिटलेल्या चाकूनं कापतात का तिकडं?"
बऱ्याच दिवसांनी आम्ही नवरा-बायको घरात हसलो.

१७ ऑगस्ट, सांगली
दुकानदार: "घ्या साहेब, फॉरेनचं स्टील हाय. जन्मभर धार."
कुठलं स्टील?
"स्टीलच की ओ!"
पात्यावर बारीक अक्षरात ४२० होतं, म्हणजे मऊ, न गंजणारं पोलाद. तो घेतला. शेजारचा डी-टू लिहिलेला, जास्त कडक पोलादाचा, तोही घेतला. तिसरा मिरजेत मिळाला, बेअरिंगच्या पोलादाचा, घडी जरा ढिली. तीन चाकू खिशात घेऊन एस्टीत बसलो. तपासणी झाली असती तर काय सांगितलं असतं?

१८ ऑगस्ट, तासगाव
छाटलेल्या काड्यांची प्रत्येकी एक पेंढी कापून बघितली. ४२०ची धार पेंढी संपायच्या आधीच गेली, पण दगडावर चार हात फिरवले की परत आली. डी-टू शेवटपर्यंत तसाच. बेअरिंगवाला मधे. मात्र ताज्या धारेला तोच सगळ्यात गुळगुळीत कापतो. काडीवर ओरखडा नाही. निळसर काळा डाग मात्र पडतो.
तो डाग कलमाला बाधतो का? दादाला विचा...

१९ ऑगस्ट
कोंब फुटायचा डोळा असलेल्या काडीला पाचर करून खुंटाच्या चिरेत बसवून बघितली आणि उजेडात धरली. मधे फट. तिन्ही चाकूंची तीच गत. दोन्ही बाजूंनी धार असली की पातं काडीत सरळ जात नाही, खोलगट कापतं. इतके दिवस पोलादच बघत बसलो, घडण बघितलीच नाही.

एक बाजू सपाट करायला घेतली. डी-टूवर दुपार गेली, दगडालाच खळगा पडला. बेअरिंगवाला चहा निवायच्या आत वळणावर आला. ४२० वहिनींना भाजीला दिला.

संध्याकाळी पुन्हा उजेडात धरली. फट नाही. कुणाला तरी दाखवावीशी वाटली. वहिनींना दाखवली. त्यांनी काडी बराच वेळ डोळ्यापुढं धरली. "ह्यांचीबी अशीच असायची."

२२ ऑगस्ट
कलमं चालू. मी कापतो, वहिनी पट्टी गुंडाळतात. दर ओळीनंतर चाकू पुसून खोबरेल. कंबर धरली.
आबा बांधावरून: "काय पावनं, आज किती बोटं कापली?"
वहिनी: "तुझी जीब कापाय ठेवलाय चाकू. पट्ट्या दे हिकडं."
दिल्या. बसलाही थोडा वेळ.

२७ ऑगस्ट
रजा संपली. चार ओळी राहिल्या. सगळ्यात आधी बांधलेल्यांवर अजून काही नाही. डोळा हिरवा आहे, फुगलेला नाही. फुटायला वेळ लागतो हे माहीत असूनही रोज सकाळी जाऊन बघत होतो.
राहिलेल्या ओळींसाठी पुढच्या रविवारी येतो म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "चाकू हितंच ऱ्हाऊ द्या." डी-टू ठेवून घ्या म्हटलं, धार जास्त टिकते. नको म्हणाल्या.

३० ऑगस्ट, सातारा
वहिनींचा फोन. आज त्यांनी एकटीनं एक ओळ बांधली.
"भावजी, आता कापंना झालाय. कसा घासू?"
सांगितलं, सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवायची, उचलायची नाही. जोर नको.
फोन दगडाशेजारीच ठेवला त्यांनी. आवाज येत होता. पहिल्यांदा फार घाई. मधेच थांबला, पाणी ओतल्याचा आवाज, पुन्हा सुरू. थोडा सावकाश.
"आसं का?"
आणखी सावकाश, म्हटलं.
कलमांचे डोळे फुगले का, विचारायचं होतं. विचारलं नाही. ऐकत राहिलो.