देरासोरचं छत

देरासोर, हक्कारी
५ जून २००४

ति. शेमदीनदादा यास,
बेसनाचा सलाम. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. पुलावरच्या चौकीत जवानाने आईला गाव विचारलं. कागदावर सरकारने ठेवलेलं तुर्की नाव होतं, पण आई देरासोरच म्हणत राहिली. शेवटी त्यानेच हसून फाटक उघडलं.

दहा वर्षांपूर्वी गाव सोडण्याचा लष्करी हुकूम निघाला नि गाव ओस पडलं, ते अजून तसंच आहे. आपल्या घराची मागची भिंत तेवढी उभी. झऱ्याचा पाट दरडीखाली गेलाय, तो मी रोज उपसते. घर पुन्हा उभं राहीपर्यंत झोपायला तंबू आहे. आईने रानलसूण आणून चीजमध्ये घातलाय; तुझा वाटा तूच येऊन खा म्हणते. नाझदारवहिनींना सलाम.

माया कमी करू नकोस.
बेसना

मेर्सिन, २४ जून

चि. बेसना हिस, अनेक आशीर्वाद.

नाझदारने पत्र वाचून दाखवलं आणि मायलेकी वेड्या आहेत म्हणाली. मला हसू आलं नाही. नोव्हेंबरात वाट बर्फाखाली जाते. बाबा त्याच वाटेवर हिमकड्याखाली गेले, विसरलीस? आजोबांच्या वेळी सरहद्द आखली तेव्हा आपली कुरणं पलीकडे इराकात गेली. मेंढ्या चारणार कुठे? इथे शहरात चौथ्या मजल्यावर आईला करमत नव्हतं, कबूल. पण ऊब तरी आहे.

हट्टच असेल तर गावातल्या त्या जुन्या चर्चमध्ये हिवाळा काढा. त्याचं छत शाबूत आहे म्हणतात. आजोबा तिथे मेंढ्या कोंडायचेच की. नाहीतर मुकाट्याने परत या. आईचे गुडघे सांभाळ.

तुमच्या काळजीत,
दादा

देरासोर, १८ जुलै

ति. दादास सलाम. वि. वि.

चर्चचं आईला सांगितलं. ती म्हणाली, की ते बांधणारे तिच्या आजीचे ख्रिस्ती शेजारी. पहिल्या महायुद्धात त्यांना डोंगरापार हाकललं, तेव्हा त्यांच्या तंदूरमधली रोटी गरम होती आणि ती आपल्या माणसांनी खाल्ली. आपले म्हणतो ते अक्रोडही त्यांनीच लावलेले. "ज्यांना परत येता आलं नाही, त्यांच्या छताखाली मी परत आले असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

दुसऱ्या दिवशी तिने झाडू घेतला, चर्चमधल्या मेंढ्यांच्या जुन्या लेंड्या काढल्या नि दार ओढून घेतलं.

परवा पाटाला पाणी आलं. घराच्या नव्या भिंती कमरेपर्यंत आल्यात. तुळया मात्र दोन बायकांना चढवता येणार नाहीत. तू आला नाहीस तरी आम्ही खाली उतरणार नाही. रागावलास तरी पत्र टाकत जा.

बेसना

मेर्सिन, ९ ऑगस्ट

चि. बेसना हिस, आशीर्वाद.

दोन दिवस रागातच होतो. मग नाझदारने विचारलं, की ती रोटी खाणाऱ्यांत आपल्या घरचं कोणी होतं का. घरात हा विषय निघाला की आपण मुलांनी उठून जायचं, एवढंच मला ठाऊक.

गोदामातलं काम सोडलं. गुरुवारी दोघं निघतो. बरोबर छताचे पत्रे नि शेगडी. मी येईपर्यंत तुळयांना हात लावू नका. आईला सांग, की तिच्या आजीचं सगळं मला तिच्या तोंडून ऐकायचंय. आपल्या घरची माणसं त्यात निघाली तरी आता मी उठून जाणार नाही.

तुमचा,
दादा