शेंगेच्या घरात कोण?

प्रिय सुमन,

तू होतीस तेव्हा पत्र लिहायचा मला केवढा कंटाळा! तू मौद्याला माहेरी जाताना "खुशाली कळवा जी" म्हणून बजावून जायचीस, आणि मी कार्ड टाकायचो ते तू परत निघायच्या दिवशी. आता कुठल्या पत्त्यावर टाकू? पण आज तुला विचारल्याशिवाय माझं काही चालत नाही, म्हणून बसलो.

आज सकाळी तुझी आई आली, पिशवीभर हिरव्या तुरीच्या शेंगा घेऊन. तू गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा. शेंगा दिसल्या आणि आपली बेबी उठली. स्वयंपाकघरातून सूप ओढत आणलं, माझ्यासमोर मांडी घालून बसली. एक शेंग उचलून माझ्या कानाला लावली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी काय म्हणायचं होतं गं?

पावसाळ्यात त्या काविळीनं तुला नेलं, त्या दिवसापासून बेबी एक शब्द बोललेली नाही. साडेतीन वर्षांची पोर, जिच्या बडबडीला वैतागून मी ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवायचो! डॉक्टर म्हणतात, कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे, तिला वेळ द्या. तोच देतोय.

आणि दुसरं काय केलं, सांगू? ती पेटी पुन्हा काढली. सीताबर्डीहून मी मिरवत आणलेली. गोल, चौकोन, त्रिकोणाच्या खाचांची लाकडी फळी, त्यात बसवायचे ठोकळे, दांडीत ओवायच्या रंगीत चकत्या, आणि झाकणावर 'बालकांच्या बुद्धिविकासासाठी'. कुठल्याशा साप्ताहिकात वाचलं होतं, मेंदू घडतो तो याच वयात. झालं! मी नकाशे काढणारा माणूस, सगळं रेघेत बसलेलं लागतं. रोज संध्याकाळी अर्धा तास पोरीला सतरंजीवर बसवायचो. "चौकोन कुठे जातो? नाही. नीट बघ. पुन्हा." तू दारातून बघायचीस. एकदाच बोललीस, "बेबीचे बाबा, परीक्षा काहून घेऊन राहिले जी? खेळू द्या ना पोरीले."

मी काय उत्तर दिलं, ते तू विसरली असशील तर बरं. मी विसरलेलो नाही. "मेंदू घडायचं वय आहे तिचं, आणि तू तिला शेंगा सोलायला बसवतेस? मोलकरीण करायची आहे का?"

तू सूप उचलून आत गेलीस. भांडली का नाहीस? भांडली असतीस तर काय खेळता ते त्या रागात तरी सांगितलं असतंस.

कारण शेंगा सोलताना तुम्हा दोघींचं काहीतरी चालायचं. मी तिथेच खुर्चीत पेपर वाचत असायचो. शेंग कानाशी जायची, तू टिचकी मारायचीस, काहीतरी विचारायचीस, बेबी काहीतरी सांगायची. मग शेंग उघडायची आणि दोघी हसत सुटायच्या. त्यात 'घर' असा एक शब्द होता. दाण्यांना नावं होती बहुतेक. एका किडक्या दाण्याला बेबी 'बाबा' म्हणाली होती एवढं पक्कं आठवतं, कारण मी रागावलो होतो. बाकी काही नाही. चार हातांवर बसून मी काहीच ऐकलं नाही, सुमन!

आज विचारलं, "किती दाणे आहेत, बेबी?" तिनं मान हलवली. "शेंगेच्या घरात कोण आहे?" तेही नाही. तिनं ती शेंग टाकली आणि दुसरी लावली, शेंगच बिघडली असावी तशी. अशा सात-आठ लावल्या. मग सूप तिथेच सोडून भिंतीकडे तोंड करून बसली.

तुझ्या आईला विचारलं. म्हटलं, तुमच्या गावाकडचा खेळ असेल. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आमच्यात कोन असं खेळवते जी, जावईबापू? हात कामात अन् तोंडानं पोराशी बोलत राहाचं, बस. हे सुमीनंच काढलं असन." म्हणजे तो खेळ फक्त तुम्हा दोघींना ठाऊक. एक गेली आणि दुसरी बोलत नाही.

ती पेटी फुकट गेली असं मी अजूनही म्हणणार नाही. बेबीला सगळे आकार येतात. काल सगळे ठोकळे एका दमात बसवले, एकही चुकला नाही. बसवले आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेंदू वाढला असेल तिचा, मला कसं कळावं? आणि तुझ्या शेंगांनी तो वाढायचा का? शेंगांनी, की तू बोलायचीस म्हणून? की दोघी हसायच्या म्हणून? झाकण पुन्हा काढून वाचलं मी, खरंच वाचलं. त्यावर यातलं काहीच नाही. मला फार हतबल वाटतं गं. साडेतीन वर्षांच्या पोरीसमोर बसायची भीती वाटते.

एक मात्र घडलं. संध्याकाळी मी एकटाच सूप घेऊन खाली बसलो. शेंग कानाला लावली, टिचकी मारली आणि सुचेल ते बोललो, "घरात कोण? मामा, मामी अन् म्हैस!" बेबीनं भिंतीकडून मान वळवली. कपाळावर ही आठी! माझीच आठी, सुमन, चौकोन त्रिकोणात घातला की माझ्या कपाळावर यायची ती. ओठ हलले. आवाज काही आला नाही. पुन्हा वळली भिंतीकडे.

तेव्हा तुला एवढा शब्द देतो. उद्यापासून कचेरीतून आलो की मी खाली बसेन. तुरी संपल्या की वाटाणे आणेन, मग हरभऱ्याचे घाटे. आणि रोज चुकीचं बोलेन. तिच्या प्रत्येक ठोकळ्याला मी 'नाही, पुन्हा' म्हटलं, आता तिनं मला म्हणावं. ती एकदा 'नाही, बाबा' म्हणेपर्यंत मी चुकत राहीन.

आणि किडका दाणा निघाला तर तो टाकणार नाही. तेवढं एक नाव मला येतं.

तुझा,
बेबीचे बाबा