सगुणाअक्काची घरगाडी

मळद, ता. दौंड
१८ ऑक्टोबर २०२४

चि. म्हाळूस,
सगुणाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घरात फोन असताना पत्र कशाला, असं माझा रविराज दरवेळी विचारतो. मी त्याला सांगितलं, फोनवर आम्ही बहीणभाऊ नुसते भांडतो, पत्रात विचार करून भांडतो. शिवाय तू आश्रमशाळेत होतास तेव्हा तुझी पत्रं वाचता यावीत म्हणून मी अक्षरं गिरवली. ती आता वाया का घालवू?

बातमी आहे, बसून वाच. मी गाडी घेतली. सूनबाई प्रतिभा शाळेची जी मिनीबस सहा वर्षं चालवत होती, ती जुनी झाली म्हणून शाळेनं विकायला काढली. गाडीची एकेक खोड प्रतिभाला पाठ, मग परक्याच्या हातात कशाला जाऊ द्यायची? पैसे कुठून आणले ते विचारू नकोस, माझे होते. आता तिचं घर केलंय. आत दोन पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, टपावर सोलर आणि मागच्या कोपऱ्यात कडी लावायचा संडास. शहरातले लोक कॅम्पर म्हणतात. मी घरगाडी म्हणते.

कुरकुंभच्या बॉडी बांधणाऱ्यानं आधी सगळी भांडी पलंगाखाली कोंबली होती. मी सगळं उचकटायला लावलं. मुक्कामाला उतरल्यावर आधी लागतं पाणी, मग चूल, मग अंथरूण. म्हणून अंथरूण सगळ्यात आत आणि पाणी दाराशी. आई घोड्यावर बिऱ्हाड असंच लादायची. त्यानं आधी तोंड वाकडं केलं. आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला हीच मांडणी दाखवतो आणि आजीचं डिझाईन हाय म्हणून सांगतो, असं प्रतिभा म्हणाली.

पासिंगच्या वेळी साहेबांनी विचारलं, आजी, ह्यात राहणार कोण? मी म्हटलं, मी. साहेब हसले, पण शिक्का मारला.

राजश्रीला आणि सायलीला आशीर्वाद. गाडी बघायला ये. जीव लावतोस तसाच लाव.

तुझी अक्का


शिरूर
२९ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अक्कास,
म्हाळूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बसून वाचलं, पण वाचता वाचता उभा राहिलो. राजश्रीनं विचारलं, कुणाचं काय झालं? मी म्हटलं, अक्कानं गाडी घेतली. ती टाळ्या पिटायला लागली. या घरात माझ्या बाजूचं कुणी नाही.

अक्का, तुझी हौस मला कळते. तुला फिरायचं असेल तर मी एसी बसचं तिकीट काढून देतो, सोबत राजश्रीला पाठवतो. पण हे काय? आपल्या माणसांना एका जागी टेकायला किती वर्षं लागली! मळदच्या घरावर स्लॅब टाकला त्या दिवशी तू पायरीवर बसून रडली होतीस, मी बघितलंय. आता पासष्टी जवळ आल्यावर पुन्हा रस्ता धरणार? लोक म्हणतील, भाऊ कंपनीत सुपरवायझर आणि बहीण तव्यासकट रस्त्यावर.

दुसरं म्हणजे, सायलीला एक चांगलं स्थळ आलंय. मुलगा आयुष, इंजिनिअर. हडपसरला राहतात. वडील मारुतराव सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. आपल्यातलेच आहेत, पण माणूस वजनदार. बोलताना शब्द मोजून टाकतात. मला त्यांच्यासमोर घाम फुटतो. सायलीला मात्र मुलगा पसंत आहे, रोज तासभर फोनवर असते.

रागावू नकोस. रागावलीस तर सविस्तर लिही, म्हणजे चार ओळी जास्त वाचायला मिळतील.

तुझा भाऊ
म्हाळू


मळद
१२ नोव्हेंबर २०२४

चि. म्हाळूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावले नाही. तुला उत्तर द्यायला सवड नव्हती, कारण आम्ही रस्त्यावर होतो. तव्यासकट.

दिवाळीच्या सुट्टीत मी, प्रतिभा आणि माझी तांबडी कोंबडी अशा तिघी ताम्हिणी उतरून माणगावच्या बाजूला जाऊन आलो. कोंबडीवरून प्रतिभानं दोन दिवस डोकं धरलं, पण रोजचं अंडं मात्र तिनंच खाल्लं. पहिल्या घाटात टाकीचं झाकण निसटलं आणि माझी गादी भिजून चिंब झाली. दुसऱ्या दिवशी झाकणाला गोठ्यातला कासरा बांधला, तो अजून सुटलेला नाही. गाडी उभी करायला सपाट जागा नसली तर भाकरी तव्यावरून घसरते. मग चाकाखाली दगड देऊन ती सरळ करायची. प्रतिभाच्या फोनमध्ये पाण्यातल्यासारखा बुडबुडा दिसतो, त्यावरून ती सरळ-वाकडं बघते. मी ताटात वाटीभर आमटी ठेवून बघते. दोघींचं उत्तर एकच येतं.

आता माझी फजिती ऐक. एका गावात बोळ इतका चिंचोळा, की मी वाट दाखवायला खाली उतरले आणि गाडीच्या पुढं चालू लागले. गाव संपलं, रस्ता रुंद झाला, तरी मी आपली चालतेच आहे! मागं प्रतिभा पहिल्या गिअरमध्ये. अर्धा मैल गेल्यावर तिनं हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले. बाई बिऱ्हाडाच्या पुढं चालते, एवढंच माझ्या पायांना ठाऊक. दोघी रस्त्याच्या कडेला बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

पहाटे उठून मी सगळं बांधूनही ठेवलं होतं. प्रतिभा म्हणाली, आई, जायचं कुठं? आपल्याला इथं दोन दिस ऱ्हायचंय. म्हाळू, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. सतरा वर्षं मी मेंढरांमागं त्या कोकणच्या वाटेनं चालले, पण कधी निघायचं आणि कुठं थांबायचं हे मला कुणी विचारलं नव्हतं. चारा संपला की निघायचं, पाणी संपलं की निघायचं. आता मी थांब म्हणते आणि गाडी थांबते. तुला हे रस्त्यावर येणं वाटतं. मला मी मालकीण झाल्यासारखं वाटतं.

सायलीच्या स्थळाचं ऐकून जीव सुपाएवढा झाला. माणसं साधी असोत, बाकी काही नको. आठवण ठेव, मी ठेवते.

तुझी अक्का


शिरूर
१४ जानेवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ सोबत पाठवलाय. सायलीचं जमलं! साखरपुडा रविवारी, २ फेब्रुवारीला, आपल्याच घरी आहे. ओटी तूच भरायची.

आता जे लिहितोय ते चार वेळा लिहून फाडलं. अक्का, त्या दिवशी गाडी आणू नकोस. एसटीनं ये. रविराज आणि प्रतिभाही एसटीनंच येऊ देत. स्टँडवर मी स्कूटर घेऊन येतो.

कारण सांगतो. पहिल्या भेटीत मारुतरावांनी सहज सांगितलं, की आमची पिढीजात बागायत आहे. मग माझ्याही तोंडातून निघून गेलं, की आमचीही. आजोबांपासून ऊस आहे म्हणालो. आता दारात घरगाडी उभी राहिली, तू आपल्या वाटेच्या गोष्टी सांगायला बसलीस, तर माझं तोंड कुठं राहील? कंपनीतही इतक्या वर्षांत मी कधी कुणाला मेंढरांचं सांगितलेलं नाही. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. एवढं माझ्यासाठी कर.

लोभ कमी करू नकोस.

तुझा भाऊ
म्हाळू


मळद
२० जानेवारी २०२५

चि. म्हाळूस,
आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ पोचला. एसटीनं येईन.

मला वाईट वाटलं, ते लिहून टाकते. पोटात ठेवलं तर सायलीची ओटी भरताना हात जड होईल. तू गाडीला लाजत नाहीस. गाडीला कुणी लाजत नाही, लोक फोटो काढतात. तू मला लाजतोस. आबांनी तुला आश्रमशाळेत घातलं तेव्हा एक माणूस कमी झालं, म्हणून तुझ्या वाटणीचं मी चालले. त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. तुझा निकाल लागला की मी वाटेवरच्या किराणा दुकानात सगळ्यांना गूळ वाटायची. मला वाटायचं, तूही कुठंतरी माझं नाव सांगत असशील.

तिथं मी काही बोलणार नाही. मात्र कुणी विचारलं तर मी गप्प बसेन. आजोबांपासून ऊस आहे, असं माझ्या तोंडून येणार नाही.

नव्या लुगड्याला इस्त्री करायची आहे, म्हणून आवरते.

अक्का


शिरूर
५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
म्हाळूचा साष्टांग नमस्कार.

तू आलीस, ओटी भरलीस, स्वयंपाकघरात बायकांत बसलीस आणि चारच्या एसटीनं गेलीस. कुणाशी चकार शब्द बोलली नाहीस. तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं.

पाहुणे निघताना मारुतरावांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, काहीतरी बिनसलं. ते म्हणाले, गाडीवाल्या आत्या कुठं आहेत? सायलीनं आयुषला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. फोटो दाखवले होते, तुझी कोंबडीसुद्धा! ते फोटो मारुतरावांच्या आईनं पाहिले. साखरबाई त्यांचं नाव, वय ब्याऐंशी. चाळिशीपर्यंत त्या कोकणच्या वाटेनं चालल्यात. आता हडपसरला तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून असतात. फोटो हातात घेऊन त्या विचारत राहिल्या, म्हणे, की पाणी कोणत्या बाजूला ठेवलंय, दाराशी हाय का? आणि पाणी दाराशी आहे कळल्यावर म्हणाल्या, की बाई जाणती हाय. तुला भेटण्यासाठी त्या यायला निघाल्या होत्या, पण जिना उतरवेना.

म्हणजे अक्का, मारुतरावांची पिढीजात बागायत माझ्यासारखीच! आम्ही दोघं टाय लावलेले बाप्ये एकमेकांच्या तोंडावर एकच थाप मारून बसलो होतो. तरी त्यांनी आपलं खरं आधी सांगितलं. मी काय केलं असेल? मी फक्त, हो का, असं म्हणालो. तेवढंच. आपलं खरं मात्र सांगितलं नाही. ते गेल्यावर सायली माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मला माझीच लाज वाटते.

लग्न ४ मेला आहे. गाडी घेऊन ये. दारात उभी कर. मी हात जोडून सांगतो.

तुझा
म्हाळू


मळद
१२ फेब्रुवारी २०२५

चि. म्हाळूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

साखरबाईंना माझा नमस्कार कळव. तुमची बागायत ऐकून प्रतिभाला हसू आवरेना. मलाही आवरलं नाही, खोटं कशाला बोलू?

गाडी आणीन. पण माझी अट आहे. तू मोकळेपणी हात जोडलेस ते मला, बंद पत्रात. ते सोपं आहे. कुणाच्याही रानात उतरायचं तर आधी मालकाच्या दारी जाऊन मुक्काम मागावा लागतो. आपण कोण, कुठले, किती माणसं, हे सांगून. आबा अंथरुणाला खिळल्यावर ते काम मी केलंय, एकोणीस वर्षांची होते. काहींनी कुत्री सोडली, काहींनी ताक पाजलं. तुला ते कधी करावं लागलं नाही, ते बरंच झालं. पण आता एकदा कर. दोन दिवस रजा काढून ये. गाडीत बस, आणि मुक्काम तू माग. मी खाली उतरणार नाही.

प्रतिभा म्हणते, मामांना पुढच्या सीटवर बसवू. येताना राजश्रीच्या हातची शेंगदाण्याची चटणी आण. माया आहेच, ती अटीत धरलेली नाही.

तुझी अक्का


शिरूर
३ मार्च २०२५

श्री. मारुतराव यांस,
म्हाळू यांचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण आमच्या घरात महत्त्वाचं कागदावर लिहितात, म्हणजे नंतर फिरवता येत नाही.

मी तुम्हाला आजोबांपासून ऊस असल्याचं सांगितलं होतं. ते खोटं होतं. आमच्या रानात पाणी आलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. त्याआधी आमच्याकडे मेंढरं होती, दोन घोडे होते, आणि माझी बहीण होती. तुम्ही आपल्या आईंचं सांगितलंत तेव्हाच मी हे बोलायला हवं होतं. जमलं नाही. माफी असावी.

गेल्या आठवड्यात मी बहिणीच्या घरगाडीतून ताम्हिणीकडे गेलो होतो. दुपार कलल्यावर तिनं एका शेताशी गाडी थांबवायला लावली आणि मला मालकाकडे मुक्काम मागायला पाठवलं. मारुतराव, मी तीनशे कामगारांसमोर भाषण करतो, पण त्या अंगणात शिरण्याआधी मी दोनदा मागं फिरलो. मालक ओसरीवर बसला होता. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं, की आम्ही दौंडकडचे धनगर हाय. आमची मेंढरं ह्याच वाटंनं कोकणात जायची. आता मेंढरं न्हाईत, माझी थोरली बहीण हाय, तिचं घर हाय आन् ती गाडीत बसलीय. मालक व्हय म्हणाला. मेंढरं आणली असती तर खत झालं असतं, असंही म्हणाला. तो पुढं बरंच काही बोलला, मला ऐकू आलं नाही. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो होतो, आणि माझी छाती इतकी भरून आली होती की पायऱ्या कशा उतरलो ते आठवत नाही. गाडीशी आलो तर अक्कानं ताटात भाकरी वाढून ठेवली होती.

आता लग्नाचं. आदल्या दिवशी, ३ मेला, अक्का आणि सूनबाई हडपसरला येतील आणि तुमच्या मातोश्रींना घरगाडीतून शिरूरला आणतील. जिन्यावरून त्यांना खुर्चीत बसवून आपण दोघं उतरवू, मी सकाळीच पोचतो. गाडी लग्नाच्या दिवशी माझ्या दारात मधोमध उभी राहील. मांडववाल्याच्या नकाशात एक खांब आड येत होता, तो मी काल हलवायला लावला.

कंपनीतले साहेब, तुमचे बँकेतले लोक, सगळे येतील. ही कुणाची गाडी, असं कुणी ना कुणी विचारणारच. एक विनंती आहे. तुम्हाला ठाऊक असलं तरी तुम्ही सांगू नका. ते मला सांगायचं आहे.

सौ. वहिनींना नमस्कार, आयुषला आशीर्वाद. स्नेह जडलाच आहे, तो आता खऱ्यावर वाढू द्यावा.

आपला
म्हाळू
(सगुणाबाईंचा धाकटा भाऊ)