अक्कलदाढचा गिटारवाला

रविवार, ३ मार्च

आज पबमध्ये तीन बँड. तिन्ही स्वतःची गाणी वाजवणारे. दुसऱ्यांची वाजवली असती तर निदान दोष दुसऱ्यांना देता आला असता!

पहिल्याचं नाव 'ओला टॉवेल'. गाणीही तशीच — कितीही पिळा, थेंब निघत नाही. दुसऱ्यातला गाणारा पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बूट बरे होते. तिसरा बँड आमच्या साडूचा. साडू दातांचा डॉक्टर, म्हणून नाव 'अक्कलदाढ'. उशिरा येते, जागा नसते आणि सगळ्यांना ताप! पन्नाशीचा माणूस उलटी टोपी घालून बेस वाजवतो, वर गातो. ड्रमवर एक लिफ्ट दुरुस्त करणारा — त्याची लय दोन मजल्यांच्या मधे अडकते. माउथ ऑर्गनवर एक नर्सबाई. त्यातल्या त्यात बऱ्या.

पण सूर? सगळ्यांचे उतरलेले. आणि लय इतकी संथ की मधे उठून चहा पिऊन यावं. मी पहिल्या रांगेत बसतो, तिथून काही सुटत नाही. नंतर साडूला जागच्या जागी सांगितलं. म्हणाला, "अहो साडूभाऊ, मजा आली का ते सांगा." मजा! मी तसबिरींना चौकटी करणारा माणूस. काच केसभर तिरकी बसली तर मला जेवण जात नाही. पबच्या भिंतीवरचं पोस्टरही डावीकडे कललंय. निघताना सरळ केलं.

सोमवार, ४ मार्च

बायको म्हणाली, "इतकं वाईट असतं तर दर रविवारी इस्त्रीचा शर्ट चढवून जाता कशाला?"



रविवार, १० मार्च

'अक्कलदाढ'चा गिटारवाला गेला. परगावी नोकरी लागली म्हणे. आज गिटारशिवाय वाजवलं — तीन पायांचं टेबल. पबचा मालक तोंडावर बोलला, "चोवीस तारखेची अख्खी संध्याकाळ तुम्हाला दिलीय. तोवर गिटारवाला आणा, नाहीतर मी दुसरा बँड बोलावतो."

साडूने हे मला इत्थंभूत सांगितलं. आणि टोपी उचलून चालता झाला!

मी वाजवतो हे त्याला माहीत आहे. सगळ्या नात्यागोत्यात माहीत आहे. ऐन विशीपासून वाजवतोय — दुकानामागच्या खोलीत, दार लावून. कुणाच्या पायाशी बसून शिकलो नाही. टेपरेकॉर्डरवर गाणं लावायचं, तारा त्याच्याशी मिळवायच्या, बोटं सोलेपर्यंत वाजवायचं. चार माणसांसमोर मात्र कधी वाजवलं नाही. कुणी बोलावलं नाही, एवढंच. आपण होऊन 'मला घ्या' म्हणायला मी काय दारोदार फिरणारा विक्रेता आहे?

गुरुवार, १४ मार्च

अजून विचारलेलं नाही. बायको तिच्या बहिणीशी — म्हणजे साडूच्या बायकोशी — फोनवर बोलत होती, तेव्हा मी शेजारीच एक काच पुसत उभा होतो. काच झिजायची वेळ आली. दोघी शेवटपर्यंत पडद्यांच्या कापडावर!

शुक्रवार, १५ मार्च

विचारलं!!

साडू स्वतः दुकानात आला. हात हलवत कसं यायचं, म्हणून चौकट करायला काहीतरी आणलं होतं — कुणाच्या तरी दाढेचा एक्स-रे. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "साडूभाऊ, गिटारवर आता तुम्हीच या. सगळ्यांचं एकमत आहे."

सगळ्यांचं! मी म्हटलं, "सवड आहे का बघावं लागेल." तो उंबऱ्याबाहेर पाय टाकायच्या आत सवड सापडली.

एक्स-रेला सागवानी चौकट करतोय. फुकट.

मंगळवार, १९ मार्च

पहिला सराव. साडूच्या दवाखान्यात, पेशंट गेल्यावर. मला बसायला पेशंटची खुर्ची — तिथूनच अपशकुन.

पहिल्याच ओळीला सगळे उतरलेले. थांबवलं. म्हटलं, "आधी माझ्याशी मिळवा." साडूने मुकाट्याने बेसच्या तारा चढवल्या. नर्सबाई म्हणाल्या, "माझ्या बाज्यातल्या पट्ट्या कारखान्यात बसवल्यात. त्या कशा चढवू? तुम्हीच उतरा की थोडे."

मी? मी उतरू?

लिफ्टवाल्याने काड्या मांडीवर ठेवल्या. "आणि दादा, तुम्ही पळता फार. कुत्रं मागे लागलंय का?"

नर्सबाईंनी मोबाइलवरचा सूर तपासणारा ट्यूनर माझ्या गिटारसमोर धरला. सहाही तारांना काटा उजवीकडे, म्हणजे चढलेल्या बाजूला. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय.

बुधवार, २० मार्च

यंत्र बिघडलेलंच आहे. माझं.

सकाळी दुकान उघडण्याआधी एकच जुनं गाणं टेपवर आणि मोबाइलवर एकदम लावलं. माझा गायक शेवटचं कडवं संपवून घरी पोचला, मोबाइलवाला अजून वाटेतच गात होता. टेप जोरात फिरतो. जोरात फिरला की लय पळते आणि सूरही चढतो. घेतला तेव्हापासूनच तसा असणार. मी तारा त्याच्याशी मिळवल्या. कानही त्याच्याशीच मिळवला. आणि त्या कानाने गावभरच्या लोकांना उतरलेले ठरवत बसलो.

बायको दारात उभी. "तरीच! तुमची अंगाई ऐकून झोपलेली पोरं उठून बसायची." पदर तोंडात कोंबूनही हसू आवरेना तिला.

साडूला फोन केला. म्हटलं, "मी येत नाही. दुसरा कुणी बघा." तो चक्क घाबरला! "नाही नाही साडूभाऊ, असं करू नका! बेसूर या, पण या!" दाढ दाखवायला आलेल्या नर्सबाई तिथेच होत्या. त्यांनी फोन हिसकावून घेतला. "तुम्ही स्टेजवर पाहिजे म्हणजे पाहिजेच!"

माणसाची किंमत कळते ती अशा वेळी. तारा उतरवल्या. आवाज जाड, अनोळखी — शेजाऱ्याची गिटार चुकून उचलल्यासारखा. दुपारभर तोच ऐकत बसलो. गिऱ्हाईक आलं तरी उठलो नाही.

रविवार, २४ मार्च

वाजवलं!

दुसऱ्या गाण्यात पळालो. लिफ्टवाल्याने असा ठोका घातला की मान धरून परत आणल्यासारखा आलो. त्यानंतर पळालो नाही. कुणाबरोबर तरी वाजवणं हे काहीतरी वेगळंच असतं. मी थांबलो तर नर्सबाई थांबत होत्या. टेप कधी थांबला नव्हता माझ्यासाठी.

'ओला टॉवेल'वालेही ऐकायला आले होते. टाळ्या वाजवल्या बिचाऱ्यांनी. मी त्यांच्या वेळी कधी वाजवल्या नव्हत्या.

मालकाने पुढचा महिनाही दिला. साडूने गळामिठी मारली. उलट्या टोपीचा कोपरा डोळ्यात गेला. म्हणून पाणी.

सोमवार, २५ मार्च

साडूच्या बायकोने बायकोला सांगितलं, बायकोने मला. "ते पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले की यांना शब्द आठवत नाहीत, नर्सबाईंचा श्वास पुरत नाही. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, त्यांना स्टेजवरच घेऊ. वर असले की समोर नसतात."

उद्या सराव. जाणार आहे. न जाऊन करू काय? समोर बसावं लागेल — आणि तिथून आम्ही कसे वाजतो ते ऐकू येतं.