आपण जिंकलात

आटगाव
१५ मार्च २००९

प्रिय संघरत्ना,

तुझा फोन नंबर मिळवणं काही अवघड नव्हतं. पण फोनवर मला खोटं पटकन बोलता येतं, कागदावर हात अडतो. म्हणून पत्र. आठ वर्षांत तीनदा तुला लिहायला बसले आणि तिन्ही वेळा मायन्यातच अडकले. 'प्रिय' लिहू, की परक्या माणसाला लिहितात तसा 'सप्रेम नमस्कार' घालू? आज म्हटलं, जे मनात आहे तेच लिहायचं, मग तू काय ते ठरव. माफी मागायची आहेच, पण त्याआधी जे घडलं ते जसंच्या तसं लिहून काढायचंय. तुला ते सगळं ठाऊक आहे, तरी ते माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं. शिवाय एक विचारायचंय. ते शेवटी.

आधी खुशाली. मी इथं आटगावजवळच्या वाडीवरच्या शाळेत शिक्षण सेविका आहे. तिसरीचा वर्ग. पोरं गोड आहेत आणि डांबरट आहेत. गावाकडे आईचे गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. बाबा अजून गावकीच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसतात. आपले विशे सर निवृत्त झाले, टोकावड्याला मुलाकडे असतात, डोळ्यांनी कमी दिसतं. मागल्या महिन्यात भेटले तर हात धरून पहिलं काय विचारलं असेल? 'ती दुसरी कुठं आहे?' मी म्हटलं, वाशिंदला. एवढंच म्हटलं.

आठवतं ना, सरांनी ते परिपत्रक नववीच्या वर्गात कसं वाचून दाखवलं होतं? मुंबईच्या कुठल्याशा मंडळाची भाषेच्या कोड्यांची स्पर्धा. अनोळखी भाषेतली वाक्यं देणार, शेजारी अर्थ देणार, आणि त्या भाषेचे नियम आपण शोधून काढायचे. भाषा येण्याची गरज नाही, डोकं पाहिजे. प्रत्येक शाळेतून एक जोडी. सरांनी तुझं नाव घेतलं, मग माझं. हा क्रम मी तेव्हाही पाहिला होता आणि मला तो टोचला होता, हेही आज सांगून टाकते. मग रोज संध्याकाळी आमच्या पडवीत आपला अभ्यास. सरांचे नियम दोनच. शब्दाची शेपटी बघा, खरी गोम तिथं असते. आणि पुरावा कमी असेल तर उत्तर ठोकून द्यायचं नाही, ती भाषा बोलणाऱ्या माणसालाच विचारायचं. तू तर सगळ्या जगाच्या शेपट्या बघत सुटलीस. माझी आई कोणाला 'ये' म्हणते, कोणाला 'या' म्हणते, हेसुद्धा वहीत लिहायचीस आणि मला हसून हसून ठसका लागायचा.

आई चहा आणायची. मला स्टीलच्या पेल्यात, तुला कान तुटलेल्या कपात. तो कप वळचणीला निराळा ठेवलेला असायचा. तू तो पिऊन झाल्यावर स्वतःच विसळून परत तिथंच ठेवायचीस. मी तो कप रोज पाहायची गं. आणि रोज न पाहिल्यासारखं करायची.

शहापूरला पहिली फेरी झाली. पेपर इंग्रजीवरून मराठीत केलेला. लांबच्या बेटांवरची कुठलीशी भाषा, बारा वाक्यं. मराठीत सगळीकडे 'आम्ही' लिहिलेलं, आणि त्या लोकांचे शब्द मात्र दोन, 'कामी' आणि 'किता'. कुठं कुठला येतो ते शोधा. मी बाया-पुरुष लावून पाहिलं, आज-काल लावून पाहिलं, माणसं मोजून पाहिली. काही जमेना. वेळ संपत आला तशी मी रडकुंडीला आले. तेवढ्यात तू सातव्या वाक्यावर बोट ठेवलंस आणि खुदकन हसलीस. 'चल, आम्ही नदीवर जाऊ.' तू कानाशी येऊन म्हणालीस, 'असं कोण बोलतं गो? चल बी म्हणायचं नि आमी बी म्हणायचं. बोलावतायत का हाकलतायत? इथं आपण पायजे.' झालं! समोरच्याला धरून बोललं की किता, म्हणजे आपण. त्याला बाहेर ठेवून बोललं की कामी, म्हणजे आमी. बाराच्या बारा वाक्यं पाच मिनिटांत सुटली. पेपर लिहिला मी, कारण अक्षर माझं बरं. सुचलं ते तुला.

आपला पहिला नंबर आला. परतीच्या एसटीत बोरं खाता खाता मी तुला विचारलं, तुला सुचलंच कसं? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, 'मला सवय हाय. कोण कुठं आपण म्हणतं नि कुठं आमी, ते मी लहानपणापासनं ऐकत आलेय.' मी म्हटलं, 'हुशार आहेस बाई,' आणि शेवटचं बोर अर्धं तोडून तुला दिलं. तू काय बोललीस ते मला कळायला आठ वर्षं लागली. मी इतकी मठ्ठ होते.

आता तो सत्कार. युवक मंडळाने मारुतीच्या मंडपात ठेवला होता, अध्यक्ष माझे बाबा. सरांनी चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहून दिली होती. माइकवरून एकच पुकारलं गेलं. मी शाल घेतली, नारळ घेतला. मग मुरबाडहून आलेल्या पाहुण्यांनी प्रमाणपत्र वाचलं आणि म्हणाले, 'यात दोन नावं आहेत. दुसरी मुलगी कुठाय?' तू पायऱ्यांच्या कडेला उभी होतीस, कडक इस्त्रीचा गणवेश, दोन वेण्या. शेजारी तुझे वडील, केरूकाका, कारखान्यातून खाडा करून आलेले, हातात पेढ्यांचा पुडा. पाहुण्यांचं वाक्य ऐकून तू एक पाय पायरीवर ठेवलास. ते मी पाहिलं. बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी मला काही सांगितलं नाही, डोळेही वटारले नाहीत, हे मी मुद्दाम लिहितेय, म्हणजे मला त्यांच्या आड लपता येणार नाही. मी माइक घेतला आणि म्हटलं, 'कोडं आमी सोडवलं. ती नुसती सोबत होती.' तुझा पाय खाली आला. त्यानंतर मी कामी आणि कितामधला फरक तुझ्याच शब्दांत सगळ्या गावाला समजावून दिला, चल म्हणून आमी म्हणणाऱ्यांची गंमतसुद्धा तुझीच सांगितली, आणि लोक हसले, टाळ्या वाजवल्या. केरूकाकांनी पुडा उघडला नाही. तुझ्या खांद्यावर हात ठेवून ते तुला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात तू माझ्या बाकाशी आलीस. मला वाटलं भांडशील, शिव्या घालशील. देवा शपथ सांगते, मी मनातून तेच मागत होते. तू शांतपणे म्हणालीस, 'नम्रताताई, आपण जिंकलात.' एका वर्षाचंही अंतर नसलेल्या मला ताई! आणि 'आपण जिंकलो' नव्हे, 'जिंकलात'. शब्द तोच ठेवलास. आदल्या आठवड्यात त्याच शब्दात आपण दोघी होतो, आणि आता त्यातून तू उठून गेली होतीस. शेपटी तेवढी बदललीस. पोरी, वर्गात दुसऱ्या कोणाला कळलंही नाही, पण मला असा मार आजपर्यंत कोणी दिलेला नाही.

ठाण्याच्या फेरीला तू आली नाहीस. सर तुझ्या घरी दोनदा येऊन गेले, तुझ्या आईनं, धोंडाकाकींनी, हात जोडले म्हणे. जोडी हवी म्हणून माझ्याबरोबर वर्गातल्या मुकेशला बसवलं. त्याने दोन तास पेन्सिलीला टोक केलं, आणि मी काय त्याहून वेगळं केलं नाही. एकही कोडं सुटलं नाही. मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही, उलट जरा बरं वाटलं. जूनमध्ये शाळा उघडली तर तुझी जागा रिकामी. केरूकाकांनी वाशिंदला कारखान्याजवळ खोली केली, सगळे गेलात. जायचं तर त्यांचं आधीपासून चाललं होतं, असं गावात म्हणाले. मी त्या 'आधीपासून'ला वर्षानुवर्षं धरून बसले.

गेल्या महिन्यात मी माझ्या वर्गाला गंमत म्हणून तेच कोडं घातलं, सोपं करून. शकू नावाची एक चिमुरडी आहे, नाक कायम वाहतं, डोकं तल्लख. ती म्हणाली, 'बाई, हे पयलं कुणाला सुटलं?' आणि माझ्या तोंडून गेलं, 'संघरत्नाला.' आठ वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. त्या शनिवारी घरी गेले आणि आईबाबांना समोर बसवून सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, 'आता काय त्याचं?' मी म्हटलं, आताच त्याचं. आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, 'मला तवाच ठावं व्हतं. माझ्या पोरीला तेवढं सुचायचं नाय.' एरवी मी चिडले असते. त्या दिवशी तिच्या गळ्यात पडून रडले.

आणि या मंगळवारी तुझी लग्नपत्रिका आली, गावाकडून फिरत फिरत. 'आयु. संघरत्ना, एम.ए. (भाषाशास्त्र)'. ती ओळ मी शाळेत सगळ्यांना दाखवली, मिरवलं म्हण ना. पण पत्रिकेच्या कोपऱ्यात तू निळ्या शाईनं एवढंच लिहिलंयस, 'लग्नाआधी एकदा आपण भेटावं.' संघे, पाच दिवस झाले, मी त्या वाक्याशी बसलेय. यातलं 'आपण' कुठलं गं? आपण दोघी, की नम्रताताई, आपण? 'भेटावं'ला शेपटीच नाही. दोन्हीकडे तेच होतं, आणि ते तुला लिहिताना कळलं नसेल हे मी मरेपर्यंत मानणार नाही. पुरावा कमी आहे. सरांचा नियम, बोलणाऱ्यालाच विचारायचं. म्हणून हे पत्र. याचं उत्तर पत्रानं पाठवू नकोस. मी पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, सकाळी वाशिंदला येतेय. जे लिहिलंय ते केरूकाका आणि धोंडाकाकींसमोर तोंडानं बोलणार आहे, त्यांनी ऐकून घेतलं तर. आणि चहा दिलात तर कुठल्याही कपात पिईन. तू फक्त दार उघड, आणि 'ये' म्हण किंवा 'या' म्हण. मला कळेल.

तुझीच, असं म्हणू दिलंस तर,
नम्रता