कोक-बेलचं कुरण कोणी सांभाळायचं

मी, कालिपा सुलतानकुलोवा, वय वर्षे अडुसष्ट, नारिनच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली निवृत्त तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे; आज सकाळीच शेजारणीशी वाद घालून जिंकले आहे. कोणीही दडपण आणलेलं नाही. येत्या वीस तारखेला बिश्केकमध्ये माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणून हा कागद.

कलम १. राहतं घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, माझी एकुलती एक मुलगी गुलझिना हिला मिळाव्यात. ती कोरियात अन्सानला कारखान्यात नोकरी करते. भिंतीवरचा नमद्याचा गालिचाही तिलाच. माझी नणंद बाक्तिगुल त्या गालिच्यावर चाळीस वर्षं डोळा ठेवून आहे. माझ्या लग्नात ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हिचं लग्न टेलिफोनच्या तारांशीच लावायला हवं होतं." तिचं म्हणणं फारसं चूक नव्हतं, तरी गालिचा तिला मिळू नये.

कलम २. पक्कड, मीटर, सोल्डरिंगचं सामान एक्स्चेंजला परत करावं. तिथूनच आणलं होतं, हे आता लिहायला हरकत नाही.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. घरात शिरल्यावरच्या बोळात, बुटांच्या फळीवर, एक जुना संगणक अहोरात्र चालू असतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे आणि घोडदौडीच्या एका खेळाचा सर्व्हर आहे. त्या सर्व्हरवर कोक-बेल, म्हणजे आमचं उन्हाळी कुरण आहे. खऱ्या कोक-बेलवर आता तीनच घरं जनावरं घेऊन जातात. बाकीचे मॉस्कोत, सोलमध्ये, कुठे कुठे पांगले. पण दर रविवारी दुपारी चाळीस-पंचेचाळीस जण या सर्व्हरवर जमतात, घोडे पळवतात, तंबू ठोकतात आणि एकमेकांची उणीदुणी काढतात. गुलझिनाही येते. फोनवर ती मला फक्त "जेवलीस का?" विचारते, घोड्यावर बसली की मनातलं बोलते.

खेळातले मूळचे घोडे गुळगुळीत, परके होते. आमचे घोडे, आमचे डोंगर, आमचा ओढा हे सगळं वरून घातलेलं आहे; त्याला मॉड म्हणतात. ते सारं तुराट मामबेतालीयेवने केलं. तुराट शाळेत संगणक शिकवायचा. माझ्याहून सात वर्षांनी लहान, म्हणून मला एजे, म्हणजे ताई म्हणतो; विंडोजचा माणूस, आणि हट्टी.

सुरुवातीला सर्व्हर त्याच्याच घरी, विंडोजवर होता, आणि बरा चालायचा, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. मग नूरुझच्या सणाला मोठी शर्यत ठेवली. त्रेचाळीस घोडे शेवटच्या चढावर असताना सगळं बंद पडलं. तुराटने आपोआप अपडेट होण्याची वेळ स्वतःच रविवार दुपार अशी लावून ठेवली होती.

"वीज गेली," तो म्हणाला.

"माझ्या घरी आहे की," मी म्हणाले. आमच्या घरांमध्ये फक्त एक भिंत आहे.

मी सर्व्हर उचलून माझ्याकडे लिनक्सवर आणला. पहिल्या रविवारी लोक आले आणि किंचाळलेच. एकाही घोड्याला डोकं नव्हतं. तुराटने फायलींची नावं कुठे मोठ्या इंग्रजी अक्षरांत, कुठे लहान अक्षरांत लिहिली होती. विंडोजला दोन्ही सारखीच. लिनक्सला 'हेड'मधला मोठा 'एच' वेगळा, लहान 'एच' वेगळा, म्हणून डोकी सापडेनात.

"एजे, तुमच्या लिनक्सला घोड्याचं डोकं कळत नाही!"

"आणि तुला पहिलीतली अक्षरं कळत नाहीत!"

यावरून दोन वर्षं आम्ही बोललो नाही. त्याच काळात माझे पती जोलचुबेक गेले. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुराट आला, मान खाली घालून जेवला, गेला. चार दिवसांनी त्याच्याकडून एक फाईल आली. आत एक बदामी घोडा होता, मागचा डावा पाय किंचित ओढत चालणारा. जोलचुबेकचा घोडा अगदी तसाच चालायचा. सोबत एकच ओळ होती: "एजे, सगळी अक्षरं लहान लिहिली आहेत."

मी दार उघडून शेजारी गेले आणि म्हणाले, "चहा टाक."

इथे दोन कबुल्या देते. सगळ्या फायलींची नावं दुरुस्त करायला मला अकरा दिवस लागले, असं मी जगभर सांगितलं. खरं तर एका ओळीच्या आज्ञेने चहा निवायच्या आत काम झालं होतं. ती ओळ सर्व्हरच्या नोंदींच्या निळ्या वहीत, शेवटच्या पानावर आहे. दुसरी: खेळातल्या कुरणाचं गवत बनवायचं साधन फक्त विंडोजवर चालतं, म्हणून टीव्हीखालच्या कपाटात, भरतकामाच्या कापडाखाली, मी सहा वर्षं एक विंडोजचा लॅपटॉप लपवून ठेवला आहे. तो तुराटला द्यावा. त्याला हसू द्यावं.

बोळातला सर्व्हर, निळी वही आणि कोक-बेल, सगळं तुराटचं. अट एकच: लिनक्सवरच राहील.

कलम ४. हे कलम नोटरीच्या कार्यालयात बसून लिहीत आहे. साक्षीदार म्हणून तुराटला आणलं होतं. नोटरीबाईंनी कलम तीन वाचलं आणि म्हणाल्या, "ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग मी साक्षीदारच बरा," तुराट म्हणाला. "काढा माझं नाव त्यातून."

"तुराट, तमाशा करू नकोस."

"मला लिनक्स शिकायचंच नाही! तुम्ही जा, झडप बदला आणि परत या. तुमची वस्तू तुम्हीच सांभाळा." नोटरीबाई उगाचच शिक्का पुसत बसल्या.

नाव काढलेलं नाही. साक्षीदार म्हणून समोरच्या बेकरीतल्या दोघांना, त्यांचे हात पिठाने माखलेले असतानाच, बोलावून आणलं.

साक्षीदार: एर्मेक शारशेयेव, उमसुनाय बेइशेनोवा.
सही: का. सुलतानकुलोवा
नारिन, ११ सप्टेंबर २०२३

पुरवणी. मी जिवंत आहे. झडप नीट बसली आहे; शांत खोलीत तिची टिकटिक ऐकू येते. अठ्ठेचाळीस दिवसांनी घरी आले. इतक्या दिवसांत सातही रविवार कोक-बेल भरलं, सर्व्हर क्षणभरही थांबला नाही. मी तुराटला विचारलं, "कसं चालवलंस रे?"

त्याने बुटांच्या फळीकडे बोट दाखवलं. "हातच लावला नाही, एजे. रोज यायचो, हिरवा दिवा बघायचो, तुमच्या कुंड्यांना पाणी घालायचो आणि दार लावून जायचो."

लिनक्स सांभाळण्याची याहून चांगली रीत मलाही ठाऊक नाही. कलम तीन कायम.

साक्षीदार: तेच दोघे, या वेळी हात धुऊन.
सही: का. सुलतानकुलोवा
नारिन, ६ नोव्हेंबर २०२३